जुन्या गाडीचा करंट आधी तपासा, कार्ब्युरेटर नंतर खोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात जुन्या गाड्या नव्याने उभ्या करण्याची हौस वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म आपल्या गावातला, १८८२ सालचा. त्यांच्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० सोलापूरच्या रस्त्यावर पुन्हा चकाकताना दिसली की बरे वाटते. वाईट याचे वाटते, की यातल्या कित्येक गाड्या चकाकतात पण भरवशाने चालत नाहीत.

तक्रार बहुतेक एकसारखी असते. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, सात रस्त्यापर्यंत नीट जाते, एप्रिलच्या उन्हात होटगी रोडला लागली की अचानक बंद पडते आणि अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू होते. मालक म्हणतो पेट्रोल उकळतेय. मिस्त्री कार्ब्युरेटर खोलतो, जेट फुंकतो, पेट्रोल पंपाला ओले फडके गुंडाळतो. तेवढ्या वेळात गाडी थंड होते, सुरू होते आणि श्रेय फडक्याला जाते. पुढच्या रविवारी तेच. उन्हाळ्यात व्हेपर लॉक होतो, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन ते वाटेत अडते, हे खरे आहे. पण गरम होऊन बंद पडणाऱ्या पॉइंटवाल्या (उघडमीट करून करंट तोडणाऱ्या संपर्काच्या) गाडीत दोष करंटचा, म्हणजे प्लगला ठिणगी पोचवणाऱ्या वाटेचा, निघण्याची शक्यता फार मोठी असते, आणि तो क्रमाने तपासायला मल्टिमीटर, फिलर गेज (फट मोजायची पाती), एक टेस्ट लॅम्प आणि तासभर सवड एवढेच लागते. असे काम रोज करणारे आम्ही काही कारागीर हे पत्र त्यासाठीच लिहीत आहोत.

पहिला फरक कानाने ओळखा. पेट्रोल कमी पडलेली गाडी आधी दम सोडते, झटके घेते, चोक ओढला तर थोडी सावरते आणि मग मरते. करंट तुटलेली गाडी चावी बंद केल्यासारखी एका क्षणात गप्प होते. सायलेन्सरमध्ये फटाके फोडत अडखळणारी गाडीही बहुधा करंटच्याच बाजूची. शंका राहिली तर गाडी बंद पडली त्याच जागी, थंड व्हायच्या आत, कॉइलची (ठिणगीचे हाय व्होल्टेज तयार करणाऱ्या डबीची) मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना क्रमाने करंट वाटणाऱ्या भागाच्या) कॅपमधून काढा. इन्सुलेटेड पकडीने तिचे टोक ब्लॉकच्या रंग नसलेल्या भागापासून ५-६ मिलिमीटरवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, टकटक आवाज करणारी ठिणगी आली तर कॉइलपर्यंतचे सगळे ठीक आहे. पिवळी, बारीक किंवा अजिबातच नसेल तर कार्ब्युरेटरला हात लावू नका. ही तपासणी करताना दोन गोष्टी सांभाळा. जवळ पेट्रोल सांडलेले किंवा पाइप सुटलेला नसावा. आणि वायर लांब हवेत मोकळी सोडू नये. ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइलचे इन्सुलेशन आतून फुटते.

रचना साधीच आहे. बॅटरीचा करंट चावीतून कॉइलच्या प्रायमरीत येतो, तिथून डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटमधून अर्थला, म्हणजे गाडीच्या लोखंडाला, जातो. पॉइंट उघडला की करंट तुटतो, कॉइलमधले चुंबकत्व कोसळते आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट उठतात. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल तर हे मिनिटाला ६००० वेळा घडते. इतक्या वेळा न चुकता घडायचे तर वाटेतला प्रत्येक जोड स्वच्छ लागतो. नव्याने उभ्या केलेल्या गाडीत नेमके हेच बिघडलेले असते, आणि बिघडवणारा बहुधा रंग असतो.

हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण याकडे कुणी बघतच नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेले. त्यांना जोडायला तांब्याची विणलेली पट्टी असते. गाडी सुटी करताना ती निघते, जोडताना डब्यात राहते, किंवा नव्या रंगाच्या थरावरच आवळली जाते. पावडर कोटिंग तर उत्तम इन्सुलेटर. मग सेल्फचा शंभराच्या वर अँपिअरचा करंट परतीची वाट शोधत चोकच्या केबलमधून जातो. सेल्फ मारल्यावर चोकची तार गरम लागत असेल तर दुसरा पुरावा नको. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलच्या शिशावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरे ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर टेकवा आणि सेल्फ मारा. अर्धा व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग खराब. मग तेच टोक डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला लावा, पॉइंट मिटलेला आणि चावी चालू ठेवा, इथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. उपाय स्वस्त आहे. थिंबलखालचा (वायरीच्या टोकाच्या कडीखालचा) रंग रुपयाएवढ्या जागेत लोखंडापर्यंत खरवडा, स्टार वॉशर घाला, बोल्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा, म्हणजे गंज धरणार नाही. डिस्ट्रिब्युटर ब्लॉकमध्ये बसतो ती जागा आणि त्याचा क्लॅम्पही असाच साफ करा.

आता करंटची जाण्याची वाट. बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असावी, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. चावी चालू करून, पॉइंट मिटलेला ठेवून कॉइलच्या चावीकडच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा; ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या कॉइलवर त्या टर्मिनलवर ‘एसडब्ल्यू’ आणि डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलवर ‘सीबी’ अशी अक्षरे असतात. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी भरले, तर मधे कुठेतरी व्होल्टेज पडते आहे. संशयित ठरलेले: चावीच्या आतले झिजलेले पॉइंट, गोळीसारखे कनेक्टर आणि डॅशबोर्डमागचा अँपिअर मीटर. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या वायरिंगमध्ये सेल्फ सोडून जवळजवळ सगळा करंट अँपिअर मीटरमधून जातो. त्याचा एक नट सैल असला की खड्ड्यात गाडी आपटताच सगळे एकदम जाते आणि पुढच्या खड्ड्यात परत येते.

इथे एक वायर फार कामाची. दीड मीटर वायर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप, मधे दहा अँपिअरचा फ्यूज. बंद पडलेल्या गाडीत ती बॅटरीच्या जिवंत (अर्थ नसलेल्या) टर्मिनलवरून थेट ‘एसडब्ल्यू’ला लावा. गाडी सुरू होऊन नीट चालली, तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) सगळे निर्दोष. दोष चावी आणि बॅटरीच्या मधे. लक्षात ठेवा, ही वायर असेपर्यंत चावीने इंजिन बंद होत नाही, आणि इंजिन बंद असताना ती लावलेली राहिली, तर पॉइंट मिटलेल्या अवस्थेत कॉइल तापत राहते. ३.३ ओहमच्या कॉइलमधून १२ व्होल्टला साडेतीन अँपिअरहून जास्त करंट सतत वाहतो. चावी चालू ठेवून तासभर वायरिंग बघत बसण्याच्या सवयीने चांगल्या कॉइलींचा बळी गेलेला आम्ही नेहमी बघतो.

‘एसडब्ल्यू’ ठीक असेल तर मीटरचे टोक ‘सीबी’वर न्या. पॉइंट मिटलेला असताना जवळजवळ शून्य, फार तर ०.२ ते ०.३ व्होल्ट. पॉइंट उघडताच पूर्ण बॅटरी व्होल्टेज. उघडूनही शून्यच राहिले, तर करंट कुठेतरी थेट अर्थ होतो आहे: कंडेन्सर आतून शॉर्ट, किंवा पॉइंट बसवताना इन्सुलेटर वॉशरचा क्रम चुकलेला. कंडेन्सरची आणि आतल्या वायरीची पट्टी पॉइंटच्या स्प्रिंगला टेकली पाहिजे, मधल्या खुंटीला नाही. ल्युकासच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये नवा पॉइंट टाकल्यावर गाडी सुरूच होत नाही याचे सर्वांत साधे कारण हे. मिटलेला असताना एखादा व्होल्ट दिसला, तर पॉइंटची तोंडे जळालेली किंवा तेलकट आहेत. महिनोन्महिने उभ्या गाडीत त्यांच्यावर पातळ थर धरतो. पॉलिश पेपरने घासू नका, त्याचे कण धातूत रुततात. पॉइंटची बारीक कानस एकदोनदा फिरवा, मग पेट्रोलमध्ये बुडवलेली जाड कागदाची पट्टी मधून ओढा. नव्या पॉइंटलाही संरक्षक तेल असते, तोही असाच पुसून घ्यावा.

डिस्ट्रिब्युटरच्या आतली छोटी लवचीक वायर वेगळी तपासा. इंजिनच्या व्हॅक्यूमने पॉइंटखालची प्लेट फिरते तेव्हा ही वायर प्रत्येक वेळी वाकते. तिचे तंतू आवरणाच्या आत तुटतात, बाहेरून काही दिसत नाही. अशी गाडी आयडलला छान चालते आणि पाय दिला की मरते, मग अर्थातच कार्ब्युरेटर खोलला जातो. कॅप काढा, व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढा, प्लेट हलताना ‘सीबी’वरचा आकडा बघा. आकडा नाचला तर वायर बदला. नळी ओढल्यावर जिभेने धरून ठेवली तर प्लेट तिथेच थांबायला हवी. ती परत आली तर डायफ्राम फाटलेला आहे. एका तपासणीत दोन कामे होतात.

आता उन्हात बंद पडण्याच्या मूळ दुखण्याकडे. इथे दोनच मुख्य आरोपी: कंडेन्सर आणि कॉइल. पॉइंट उघडताना करंट तिथेच ठिणगीरूपाने उडून जाऊ नये, म्हणून कंडेन्सर तो क्षणभर स्वतःत घेतो. त्याची क्षमता ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरडच्या दरम्यान असते. तो निकामी झाला की पॉइंटच्या तोंडावर निळा जाळ दिसतो, तोंडे काळी पडतात, कॉइलची ठिणगी पिवळी होते. थंड असताना चांगला आणि गरम होताच गळणारा कंडेन्सर हा सगळ्यांत फसवा. साध्या मल्टिमीटरने तो पकडता येत नाही, कारण मीटर मोजक्या व्होल्टवरच मोजतो आणि चालत्या गाडीत पॉइंट उघडताना त्याच्यावर अडीचशे-तीनशे व्होल्ट येतात.

यावर सोलापूरकराला दूर जायला नको. आपल्याकडे यंत्रमागाच्या मोटारी रिवाइंड करणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याकडे मेगर (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन मोजायचा मीटर) असतो, कपॅसिटर मोजायचा मीटरही असतो. कंडेन्सर सुटा करून तिथे न्या. आधी क्षमता मोजून घ्या. मग २५० किंवा ५०० व्होल्टच्या मेगरने वायर आणि डबीच्या मधले इन्सुलेशन बघा, ते कित्येक मेगाओहम हवे. नंतर हेअर ड्रायरने डबी हातात धरवेनाशी होईपर्यंत तापवा आणि पुन्हा मेगर लावा. काटा कोसळला की होटगी रोडवर काय घडत होते ते टेबलावर दिसते. मोजून झाल्यावर वायर डबीला टेकवून साठलेला चार्ज काढायला विसरू नका.

कॉइलसाठी ओहम मोजा. बारा व्होल्टच्या साध्या कॉइलची प्रायमरी ३ ते ३.५ ओहमच्या आसपास, सेकंडरी साधारण ५ ते १० किलोओहम. मीटरच्या वायरींचा स्वतःचा ०.२-०.३ ओहम आधी वजा करा. गरम कॉइलची प्रायमरी ४ ओहमच्या घरात दिसली तर घाबरू नका, तांब्याचा रोध तापल्यावर पंचवीसेक टक्के वाढतोच. गरम असताना मीटर अनंत दाखवतो आणि थंड झाल्यावर परत ३.२ येतो, अशी कॉइल मात्र बाद. तेल पाझरलेली कॉइलही बाद, कारण तेलच आतली उष्णता बाहेर नेते.

कॉइल बाजारातून आणताना डबीवर काय लिहिले आहे ते वाचा. दीड ओहमच्या आसपासची कॉइल बॅलास्ट रेझिस्टरबरोबर (करंट आवरणाऱ्या वेगळ्या रोधाबरोबर) वापरायची असते. ती बॅलास्टशिवाय सरळ १२ व्होल्टवर लावली तर आठ अँपिअर ओढते, पॉइंट काही दिवसांत जळतात, कॉइल हाताला चटका देते. उलट तीन ओहमची कॉइल बॅलास्टमागे लावली तर ठिणगी अर्धमेली. सहा व्होल्टची गाडी बारा व्होल्टवर नेताना बॅटरी, बल्ब, डायनामो बदलले जातात आणि जुनी कॉइल तशीच राहते, हा प्रकारही याच जातीतला.

यानंतर ज्या गोष्टीचा आम्हाला सर्वांत जास्त राग येतो ती: नवा माल म्हणजे चांगला माल, हा समज. आज बाजारात येणारे पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर (कॅपखाली फिरून प्लगांना करंट वाटणारा तुकडा) यांतले बरेच दिसायला हुबेहूब आणि कामाला टाकाऊ असतात. रोटरचे घ्या. पितळेची पट्टी रिव्हेटने बसवलेली, रिव्हेट आणि खालच्या शाफ्टमध्ये प्लॅस्टिक जेमतेम. त्या प्लॅस्टिकमधून हाय टेन्शन करंट शाफ्टला उतरतो आणि चारही प्लग एकाच वेळी मुके होतात. कॅप काढून रोटर जागेवर ठेवा, कॉइलची जाड वायर पकडीने रोटरच्या पितळेवर ३ मिलिमीटर उंच धरा, चावी चालू करून पॉइंट स्क्रू-ड्रायव्हरने उघडा-मिटा. रोटरवर ठिणगी उडाली तर तो गळका आहे, कारण चांगल्या रोटरवर उडून करंटला पुढे जायला वाट नसते. गाडीतून निघालेला जुना पण चालता रोटर आणि कंडेन्सर फेकू नका, चिठ्ठी लावून डिकीत ठेवा. आणि एका वेळी एकच वस्तू बदला. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, प्लग एकदम बदलले आणि गाडी अजून बिघडली, तर दोष जुना की नवा हे देवालाही सांगता येणार नाही.

पॉइंटचा गॅप ल्युकासच्या चार सिलिंडर डिस्ट्रिब्युटरला ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. इंजिन हाताने फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या अगदी टोकावर आणा, मग फिलर गेजचे पान घाला. पान हलक्या घासाने सरकले पाहिजे, अडकून नव्हे. स्क्रू आवळल्यावर गॅप हलतो, म्हणून पुन्हा मोजा. मग कॅमच्या चारही टोकांवर मोजा. हे काम सहसा कुणी करत नाही. एका टोकावर ०.४० आणि समोरच्यावर ०.३० आले तर शाफ्टचा बुश झिजला आहे, आणि तो बदलेपर्यंत तुम्ही कितीही गॅप लावा, गाडी अडखळणारच. शाफ्ट बाजूला हलवून बघितला तरी ढिलेपणा बोटाला कळतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर ब्राँझचा बुश करून मिळतो, फक्त बसवल्यावर शाफ्ट मोकळा फिरतो का ते बघून घ्या. कॅमवर ग्रीसचा जेमतेम पुसट थर द्या, रोटरखालच्या नमद्यावर तेलाचे एकदोन थेंब. जास्त ग्रीस उडून पॉइंटवर जाते. नव्या पॉइंटची टाच पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये झिजून बसते आणि गॅप कमी होतो, म्हणून ५०० किलोमीटरला पुन्हा बघा.

गॅप आधी, टायमिंग (ठिणगीची वेळ) नंतर. हा क्रम उलटवला तर टायमिंग वाया जाते, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे सरकते. स्टॅटिक टायमिंगसाठी बारा व्होल्टचा छोटा बल्ब ‘सीबी’ आणि अर्थच्या मधे लावा, इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच हाताने फिरवा. पुलीची खूण पुस्तकात दिलेल्या अंशावर येताच बल्ब पेटला पाहिजे. अँबेसिडर आणि फियाट दोन्हींचा फायरिंग क्रम १-३-४-२ आहे. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर बोट ठेवा. बोट ढकलले गेले तर कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. हे न बघता खूण जुळवली तर डिस्ट्रिब्युटर अर्ध्या फेरीने उलटा बसतो आणि कार्ब्युरेटरमधून जाळ येतो. रोटर बोटाने त्याच्या फिरण्याच्या दिशेला वळवून सोडा, तो स्प्रिंगने झटकन परत यावा. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत वेगाप्रमाणे ठिणगी पुढे आणणारी आतली वजने सुकलेल्या ग्रीसने चिकटलेली असतात. मग पिकअप जातो, इंजिन तापते, आणि त्याचा ठपका रेडिएटरवर येतो.

जाड वायरींबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. जुन्या ल्युकास कॅपमध्ये वायर आतून टोकदार स्क्रूने टोचून धरली जाते. त्या रचनेला तांब्याच्या तारेची केबलच लागते. आजकालची कार्बनच्या गाभ्याची सिलिकॉन केबल तिथे लावली की स्क्रूभोवतीचा कार्बन जळून जातो, मधे पोकळी होते आणि एक सिलिंडर कधी चालतो, कधी नाही. कॅपच्या आत मधली कार्बनची कांडी स्प्रिंगवर मोकळी हलते का, आणि दोन पितळी खुंट्यांच्या मधे पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ आहे का, तेही बघा. रेघ असेल तर कॅप बदला, खरवडून उपयोग नाही. प्लगचा गॅप ०.०२५ इंच, म्हणजे साधारण ०.६ मिलिमीटर.

कॉइल उलटी जोडलेली असली तरी गाडी चालते, म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. प्लगचा गरम मधला इलेक्ट्रोड निगेटिव्ह असला तर ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते. उलटा असला तर जास्त लागते, आणि गरम इंजिनला किंवा चढावर मिसफायर सुरू होतो. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. त्या निगेटिव्ह अर्थला बदलल्या की कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल कराव्या लागतात. तपासायला प्लगची वायर प्लगपासून थोडी दूर धरा आणि ठिणगीत शिशपेन्सिलचे टोक घाला; झळाळी पेन्सिल आणि प्लगच्या मधे दिसली तर बरोबर, वायरीच्या बाजूला दिसली तर उलटे. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला निगेटिव्ह समजून बॅटरी लावली तर इलेक्ट्रॉनिक वस्तू क्षणात जातात, म्हणून बॅटरीच्या वायरींवर रंगीत टेपने स्पष्ट लिहून ठेवा.

फोर्ड मॉडेल ए कुणाकडे असेल तर त्याचा हिशोब वेगळा: सहा व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ, फायरिंग क्रम १-२-४-३, पॉइंट ०.०१८ ते ०.०२२ इंच, प्लग ०.०३५ इंच. स्टीअरिंगच्या डाव्या हाताचा लिव्हर ठिणगीच्या वेळेचा. सुरू करताना तो पूर्ण वर, म्हणजे मागे ठेवायचा. पुढे ठेवून हँडल मारले तर इंजिन उलटा झटका देते आणि मनगट मोडते.

पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट बसवायला आमचा विरोध नाही, पण ते औषध नव्हे. खराब अर्थिंग आणि झिजलेली चावी किटलाही तितकीच छळते, आणि किट जळाले की ते वाटेत दुरुस्त होत नाही. २०२१ पासून केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, आणि तिथे गाडी मूळ रूपात राखलेली असणे अपेक्षित आहे. म्हणून किट बसवलेच तर मूळ डिस्ट्रिब्युटर भंगारात देऊ नका.

मालकांना आमची एक मागणी आहे. गाडी नव्याने उभी करून ताब्यात घेताना बिलावर रंगाच्या शेडबरोबर हे आकडेही लिहून मागा: सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्टेज, अर्थिंगवर पडणारे व्होल्टेज, ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’वरचे व्होल्टेज, कॉइलचे ओहम, कंडेन्सरचा मेगर आणि चार टोकांवरचे चार गॅप. जो गॅरेजवाला हे लिहून देईल तो काम जाणतो. आणि सोलापूरच्या शासकीय आयटीआयने मोटर मेकॅनिकच्या वर्गात पॉइंटवाले एक चालते इंजिन ठेवावे, अशी विनंती आपल्या स्तंभातून करतो. स्कॅनर लावून दोष वाचणाऱ्या मुलांना हे शिकायला आठवडा पुरेल, आणि शिकवू शकणारे जुने मिस्त्री अजून गावात आहेत.

उन्हाळ्यात तुळजापूर किंवा पंढरपूरला गाडी नेणाऱ्यांनी डिकीत एक डबा ठेवावा. त्यात पारखून घेतलेला पॉइंट सेट, कंडेन्सर, रोटर, एक प्लग, फिलर गेज, टेस्ट लॅम्प, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, इन्सुलेटेड पकड आणि वर सांगितलेली फ्यूजवाली वायर असावी. कंडेन्सर डिस्ट्रिब्युटरच्या आत बसवायला वेळ नसेल तर डबी बाहेर क्लॅम्पखाली आवळून तिची वायर ‘सीबी’ला जोडली तरी घरापर्यंत गाडी येते, फक्त आतला शॉर्ट झालेला जुना कंडेन्सर आधी सोडवून टाकावा लागतो.

कळावे,
आपले,
जुन्या गाड्यांच्या इलेक्ट्रिकचे काम करणारे काही कारागीर,
सोलापूर